आवारातल्या रस्त्यावरचा काँक्रीटचा नवा थर गाड्या फिरायच्या आधीच का सुटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आवारात १५० मिमी जाडीचा जुना काँक्रीट रस्ता आहे. वरून झिजला होता, म्हणून अर्ध्या लांबीवर फेब्रुवारीअखेर ७५ मिमीचा एम ४० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत; आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) चा थर टाकला. ब्रेकरने पृष्ठभाग फोडून खडबडीत केला, धुतला, सिमेंटची स्लरी (सिमेंट-पाण्याची पातळ पेस्ट) ओतली, दुपारी माल, म्हणजे ओलं काँक्रीट, टाकला. वरून पाणी मारणं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं, सांधे कापायला कटर तिसऱ्या दिवशी दर ३ मीटरवर मारला. तीन आठवड्यांत तडे गेले आणि कोपऱ्यांत सळई आपटली की बद्द, पोकळ आवाज येतो, म्हणजे थर खालून सुटलाय. चाचणीच्या ठोकळ्यांची (क्यूबची) ताकद मात्र उत्तम. आता ठेकेदार रेडीमिक्सवाल्याकडे बोट दाखवतो, रेडीमिक्सवाला ठेकेदाराकडे, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्याला एम ५० आणि महागडं बाँडिंग केमिकल वापरा असा सल्ला मिळालाय.

माझं मत आधी सांगतो, मग कारणं. तो सल्ला मानू नका. तुमच्या कामात ताकद कमी पडलेली नाही. वरचा थर आकसला, खालचा आकसला नाही, आणि या ओढाताणीत दोघांमधली पकड पहिल्या काही दिवसांतच खर्ची पडली. कास्टिंगच्या (ओतीव धातूच्या भागांच्या) गाड्या अजून फिरलेल्याही नाहीत, यावरूनच ते स्पष्ट होतं. एम ५० घेतला तर ही ओढाताण वाढेल.

जुना स्लॅब किती वर्षांचा आहे? दहा-पंधरा वर्षांचा असेल तर त्याचं आकसणं कधीच संपलंय. नवा थर मात्र आज ओला आहे आणि पुढचे कित्येक महिने वाळत राहणार. मोकळा सोडला असता तर तो आकसून लहान झाला असता आणि प्रश्न मिटला असता. पण त्याला खालच्या दगडासारख्या घट्ट स्लॅबला चिकटवलंय. म्हणजे त्याला लहान व्हायचंय आणि होता येत नाही.

याचा आकडा काढून बघा, कारण आकडा पाहिल्याशिवाय गांभीर्य पटत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेत प्रत्यक्ष चाचणी नसेल तर एकूण आकसणं लांबीच्या ०.०००३ पट धरायला सांगितलंय, म्हणजे ३ मीटरच्या पॅनेलला (दोन सांध्यांमधल्या तुकड्याला) ०.९ मिमी. पातळ, उघड्यावर वाळणाऱ्या थरात ते याहून जास्तही असतं. एम ४० चा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचा आकडा, त्याच संहितेच्या सूत्राने, ५००० गुणिले ४० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३१,६०० मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिमीला एक न्यूटन). आकसणं पूर्ण अडवलं तर ताण येतो ९.५ मेगापास्कल. काँक्रीट हळूहळू सैल होत जातं, त्यामुळे यातला निम्मा किंवा थोडा जास्त ताण ओसरतो. तरी ४ च्या आसपास उरतोच. एम ४० ची वाकताना ताण सोसायची ताकद ०.७ गुणिले तेच वर्गमूळ, म्हणजे ४.४. सरळ ओढीला ती याहूनही कमी. थोडक्यात, थर काठावर उभा आहे. एक तर तो तडकेल, नाही तर सुटेल, आणि बहुतेक वेळा दोन्ही होतं.

आता पकडीकडे या. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकलेली असते. आकसण्यामुळे पूर्ण जोडपृष्ठावर सारखा ताण येतो असं वाटतं, पण तसं नसतं. पॅनेलच्या मधल्या भागात जोडावर जवळजवळ काहीच ताण नसतो, तिथे थर फक्त आडवा ताणलेला असतो. हा सगळा आडवा ताण जुन्या स्लॅबमध्ये उतरतो तो कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यात, थराच्या जाडीच्या साधारण दोन-तीन पट रुंदीच्या. तुमच्या ७५ मिमीच्या थरात सरासरी २.५ मेगापास्कल ताण धरला तरी दर मीटर रुंदीला १८७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १९ टन ओढ होते. ती सुमारे २२५ मिमीच्या पट्टीतून खाली जायची. सरासरी कातर ताण (दोन थरांना एकमेकांवरून सरकवणारा) ०.८ मेगापास्कल होतो आणि अगदी कडेला त्याच्या कितीतरी पट. शिवाय ही ओढ थराच्या मध्यातून जाते आणि अडवणारा जोड तिच्या ३७ मिमी खाली असतो, म्हणून कड वर उचलली जाते. कातर आणि उचल एकाच जागी येतात. कोपऱ्यावर दोन कडा मिळतात, म्हणून बद्द आवाज आधी तिथूनच येतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेचा गाळ रस्त्यांवर आणि अंगणांत कसा वाळला, ते आठवा. आधी त्याला भेगा पडल्या, मग प्रत्येक खापरीच्या कडा वर वळल्या, आणि मधला भाग सर्वांत शेवटपर्यंत चिकटून राहिला. तुमच्या रस्त्यावर तेच झालंय.

यातून एक गोष्ट निघते. प्रत्येक तडा म्हणजे दोन नव्या कडा. मध्ये तडा गेला की त्याच्या दोन्ही बाजूंना सुटण्याची नवी जागा तयार होते. म्हणून तड्यांकडे ‘दिसायला वाईट, पण चालतंय’ म्हणून बघू नका. आणि सांधे जवळ-जवळ घेतले की थर सुटणार नाही, हेही खरं नाही. कडेचा ताण पॅनेलच्या लांबीवर फारसा अवलंबून नसतो, जाडी आणि आकसण्यावर असतो. जवळच्या सांध्यांनी तडे आवरतात, कडांची उचल थोडी कमी होते, एवढंच. डांबरी रस्त्यावरच्या व्हाइटटॉपिंगचं, म्हणजे डांबरावर टाकलेल्या काँक्रीटच्या थराचं, गणित वेगळं आहे. तिथे खालचा थर मऊ असतो, म्हणून लहान चौकोनांचा खरा फायदा मिळतो. आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) एसपी ७६ ही मार्गदर्शिका त्या कामासाठी आहे, तिचे नियम जसेच्या तसे तुमच्या कामाला लावू नका.

तुमच्या सांध्यांमध्ये अजून एक गोची आहे. जुन्या रस्त्याचे सांधे ४.५ मीटरवर आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि नवा कटर ३ मीटरवर मारलाय. चिकटवलेल्या थराला हे चालत नाही. खालचा सांधा रोज उघडतो-मिटतो आणि वरचा थर त्याच्यावर अखंड बसलेला असेल तर तडा नेमका तिथून वर येतो. तुमचे तडे मोजून बघा, बरेचसे जुन्या सांध्यांवरच सापडतील. नवा सांधा जुन्याच्या बरोबर डोक्यावर हवा, आणि त्याची खोली थराची पूर्ण जाडी अधिक १०-१२ मिमी हवी. एरवीच्या रस्त्यात एक तृतीयांश खोली कापतात, ती सवय इथे उपयोगाची नाही. माल टाकण्याआधी जुन्या सांध्यांच्या खुणा बाजूच्या कर्बवर रंगाने करून ठेवा, नाहीतर थर पडल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

आता वाळण्याबद्दल, कारण तुमच्या कामात सर्वांत मोठं नुकसान इथे झालंय असं मला वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्हापूरची दुपार फसवी असते. ऊन सोसवतं, म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही, पण हवा कोरडी असते आणि मोकळ्या आवारात वारा सुटतो. हवा ३५ अंश, आर्द्रता २५ टक्के, माल ३४ अंश आणि वारा ताशी १५ किमी असेल तर दर चौरस मीटरवरून तासाला सुमारे १.३ ते १.४ किलो पाणी उडतं. १ किलोच्या वर गेलं की धोका, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. हेच काम रात्री केलं, हवा २३ अंश, माल २७, आर्द्रता ६० टक्के, वारा जवळजवळ पडलेला, तर बाष्पीभवन ०.३ किलोवर येतं. एक चतुर्थांश!

पातळ थराला हे एवढं का लागतं? तुमच्या मिश्रणात घनमीटरला १६५ लिटर पाणी धरलं तर ७५ मिमी थरात दर चौरस मीटरला सारं मिळून १२ लिटरच पाणी असतं. दुपारच्या चार तासांत त्यातलं ५ लिटरच्या वर उडून गेलं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त. तेवढंच पाणी ३०० मिमीच्या हायवेच्या स्लॅबमधून गेलं असतं तर दहा-अकरा टक्के झालं असतं. म्हणून हायवेचं काम केलेले चांगले मिस्त्रीसुद्धा पातळ थरात फसतात. त्यांची सवय चुकीची नसते, जाडी वेगळी असते. आणि तुम्ही पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलंत. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या रस्त्यांवर अशा थरांचा बराच अभ्यास झालाय. सुटण्याची सुरुवात बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच होते, आणि बाष्पीभवन व तापमानातला फरक ही त्याची मुख्य कारणं, असं तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. माझा अनुभवही त्याला धरूनच आहे.

उष्णतेचा भाग थोडक्यात. दुपारी टाकलेला माल उन्हाने आणि सिमेंटच्या स्वतःच्या उष्णतेने तापलेला असतानाच घट्ट होतो. त्या वेळी तो खालच्या स्लॅबपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर निवताना दर अंशाला दहा लाखांत नऊ या दराने आकसतो. एकूण ०.०००१३५. संहितेतल्या आकसण्याच्या निम्म्याजवळ हे पहिल्याच रात्री येतं, जेव्हा पकड अजून कोवळी असते.

आता तो एम ५० चा सल्ला. ताकद वाढवायला सिमेंट वाढवतात, पाणी-सिमेंट प्रमाण घटवतात. त्यामुळे गुणांक वाढतो, म्हणजे तेवढ्याच आकसण्याला ताण जास्त. सैल होण्याची क्षमता कमी होते, म्हणजे ताण ओसरत नाही. सिमेंटच पाणी पिऊन घेतं, त्यामुळे वाळण्याआधीचं आतलं आकसणं वाढतं. उष्णताही वाढते. सिलिका फ्यूम (ताकद वाढवायला घालतात ती अतिबारीक पूड) घातला तर वर पाणी सुटतच नाही आणि ओल्या अवस्थेतल्या भेगा आणखी लवकर येतात. तुम्हाला हवा तो कमी आकसणारा माल. एम ४० पुरे. एकूण पाणी घनमीटरला १५० ते १५५ लिटरपर्यंत आणा आणि काम सोपं व्हायला प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) वापरा. खडी शक्य तितकी जास्त आणि मोठी घ्या. थराच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नको, म्हणजे ७५ मिमीला २० मिमीची खडी बिनधास्त चालते. ठेकेदाराने पसरायला सोपं म्हणून १० मिमीची बारीक खडी वापरली असेल तर तेही आकसणं वाढायचं एक कारण.

क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, लक्ष ठेवा. आपल्याकडे आता बहुतेक कामं क्रश सँडवरच होतात आणि ती वाईट नाही, पण तिच्यातली धूळ दर गाडीला बदलते. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ७५ मायक्रॉनखालची धूळ १५ टक्क्यांपर्यंत चालते. मर्यादेच्या काठावरची वाळू पाणी जास्त मागते, आणि प्लांटवरचा माणूस ते देऊन टाकतो. न धुतलेली कच (क्रशरची बारीक चुरी) तर अशा कामाला नकोच. खडी काळ्या दगडाचीच घ्या, पण पांढऱ्या ठिपक्यांचा, छिद्राळ दगड टाळा, तो पाणी पितो. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू घनमीटरला ०.९ किलो घालतात ते ओल्या अवस्थेतल्या भेगांना उपयोगी आहेत, जरूर घाला. पण ते वाळण्याचं आकसणं कमी करत नाहीत आणि पकडही वाढवत नाहीत.

पृष्ठभागाविषयी तुम्ही ‘ब्रेकरने चांगला खडबडीत केला’ असं अभिमानाने लिहिलंय. मेहनत झाली हे खरं, पण जड ब्रेकर जुन्या काँक्रीटच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये बारीक-बारीक भेगा पाडतो. वरून टोकदार, रांगडा पृष्ठभाग दिसतो आणि त्याच्या खालीच एक कमजोर पापुद्रा तयार झालेला असतो. पकड खडबडीतपणापेक्षा त्या पृष्ठभागाच्या धडधाकटपणावर आणि स्वच्छतेवर जास्त अवलंबून असते. सर्वांत उत्तम शॉट ब्लास्टिंग (पोलादी बारीक गोळ्यांचा मारा) किंवा जोराच्या पाण्याने वरचा थर काढणं. कोल्हापुरात फाउंड्रीचा एवढा मोठा व्यवसाय आहे की शॉट ब्लास्टिंग इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मात्र कास्टिंग साफ करायचं बंद खोलीतलं मशीन आणि जमिनीवर चालणारं फिरतं मशीन वेगळं, ते भाड्याने मागवावं लागेल. मिलिंग, म्हणजे मशीनने वरचा भाग खरवडणं, केलंच तर त्यानंतर ब्लास्टिंग करून सैल झालेलं सारं काढा. हाताने टाचे मारून करायचं असेल तर हलकी हत्यारं वापरा.

तुमच्या सुटलेल्या थराचा एक कोपरा उचलून उलटा करून बघा. गाडीभर अहवालांपेक्षा तो तुकडा जास्त सांगेल. खालची बाजू गुळगुळीत राखाडी असेल आणि नखाने खरवडल्यावर भुकटी निघत असेल, तर स्लरी माल पडायच्या आधीच वाळली होती. उन्हात तापलेल्या स्लॅबवर ती पाच-दहा मिनिटांत वाळते, आणि वाळलेली स्लरी चिकटवत नाही, उलट दोन थरांना वेगळं ठेवते. तुकड्याला जुन्या काँक्रीटचे पातळ पापुद्रे चिकटून आले असतील तर ब्रेकरचा मार कारणीभूत. लाल मातीचा किंवा तेलाचा पुसट थर दिसला तर धुलाई कमी पडली. तुमच्या आवारात ट्रक उभे राहतात, म्हणजे तेलाचे डाग असणारच, आणि ते पाण्याने जात नाहीत.

स्लरी मी वापरत नाही. आदल्या रात्रभर जुना स्लॅब ओला ठेवा, माल टाकण्याआधी साचलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, म्हणजे स्लॅब आतून भिजलेला आणि वरून कोरडा दिसणारा राहील. त्यावर थेट माल टाकून नीट व्हायब्रेट करा, विशेषतः कडेला. जिथे सर्वांत जास्त ताण येणार, तिथेच व्हायब्रेटर सर्वांत कमी फिरतो. महागडं केमिकल पकडीचा आकडा थोडा वाढवेल, पण त्याचा वेळ चुकला तर तेही वाळलेल्या स्लरीसारखंच वागतं.

बाकी कामाचा क्रम असा ठेवा. माल संध्याकाळी सहानंतर टाका. फिनिशिंग झालं की लगेच क्युरिंग कंपाउंड (पाणी उडू नये म्हणून फवारायचं द्रावण), नेहमीच्या दुप्पट मात्रेत, आणि पाय ठेवता येईल इतकं घट्ट झालं की ओली पोती आणि वर प्लास्टिक. सांधे त्याच रात्री कापा. कडेची खडी निघणार नाही एवढा माल आवळला की लगेच, मग पहाटेचे तीन वाजले तरी. कापताना सांध्यापुरती पोती बाजूला करा आणि परत टाका. उष्ण कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलं ठेवा असं आयएस ४५६ सांगते, मी पातळ थराला १४ दिवस मागतो. एक गोष्ट मात्र समजून घ्या. क्युरिंगने आकसणं रद्द होत नाही, पुढे ढकललं जातं. त्या अवधीत पकड आणि ताकद वाढते, म्हणून ते ढकलणं मोलाचं असतं. पोती एकदम भर दुपारी काढू नका.

झालेल्या अर्ध्या रस्त्याचं काय, हाही तुमचा प्रश्न आहे. सुटलेला थर असाच ठेवून गाड्या सोडता येतील का? नाही. जोड टिकला असता तर २२५ मिमीचा एकजीव स्लॅब मिळाला असता आणि चाकाखाली वरचा पूर्ण थर दाबाखाली राहिला असता. जोड तुटल्यावर १५० आणि ७५ असे दोन सुटे स्लॅब उरतात. ढोबळ हिशेबाने, तेवढ्याच भाराला जुन्या स्लॅबच्या तळाचा ताण दुप्पट होतो, आणि वरच्या पातळ थराच्या तळाला जिथे दाब होता तिथे ताण येतो. २०१८ पासून चार टायरच्या एकेरी आसाला ११.५ टन परवानगी आहे. कास्टिंग भरलेली गाडी त्या कोपऱ्यावरून काही दिवस गेली की कोपरा तुटणार. पावसाळ्यात फटीत पाणी शिरलं की प्रत्येक चाकागणिक ते आतली भुकटी बाहेर फेकेल आणि पोकळी वाढत जाईल.

म्हणून आता आधी नकाशा काढा. सळई किंवा साखळी ओढत पूर्ण पृष्ठभाग ऐका, जिथे बद्द वाजेल तिथे खडूने आखा, आणि आठवड्याने पुन्हा ऐका. हद्द वाढतेय की थांबलीय हे कळणं गरजेचं आहे, कारण आकसणं अजून चालू आहे. मग न सुटलेल्या भागात पकडीच्या काही चाचण्या घ्या. ५० मिमीचा गोल काप जुन्या स्लॅबमध्ये थोडा आत जाईपर्यंत घेऊन वर चकती चिकटवून ओढायचं. १ मेगापास्कल म्हणजे सुमारे २०० किलोची ओढ. त्याहून कमीत जोडावरच सुटलं तर उरलेल्या भागावरही भरवसा ठेवू नका. दीडच्या आसपास किंवा वर गेलं आणि तुकडा जुन्या काँक्रीटमध्ये तुटला तर तो भाग ठेवा. फक्त कोपरे सुटले असतील आणि हद्द स्थिर असेल तर इपॉक्सी भरता येतं, पण फट आतून स्वच्छ असेल तरच. पॅनेलचा मोठा भाग सुटला असेल तर चारी बाजूंनी कापून पूर्ण पॅनेल काढा आणि नव्याने टाका. तुकड्या-तुकड्यांची ठिगळं लावू नका, प्रत्येक ठिगळाला स्वतःच्या चार कडा येतात.

उरलेल्या अर्ध्या भागात जुना स्लॅबच जागोजागी तडकलेला असेल, किंवा काळ्या मातीवर बसून हलत असेल, तर चिकटवलेल्या थराचा विचार सोडून द्या. तिथे मध्ये २५ मिमीचा डांबरी थर टाकून वर १५० मिमी किंवा जास्त जाडीचा स्वतंत्र स्लॅब करा. त्याला खालचे सांधे जुळवायची गरज नाही. खर्च वाढेल आणि गेटपाशी पातळी ७५ मिमीऐवजी १७५ मिमी किंवा त्याहून जास्त उचलली जाईल, त्यामुळे पाण्याचा उतार आणि शेडचे उंबरे आधी तपासा. स्लॅब धडधाकट असेल तर मात्र ७५ मिमीचा थर पुरेसा आहे. रात्रीच्या कामाची आणि फिरत्या ब्लास्टिंग मशीनची तयारी असेल तर मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. वळवाचा पाऊस सुरू झाला की ताज्या थरावर ताडपत्री धरून उभं राहायची वेळ येईल.